कासवाला दुखतं

परवा माझा भाचा बादलीत कासव घेऊन दवाखान्यात आला. लाल कानाचं, म्हणजे ‘रेड-इअर्ड स्लायडर’ जातीचं, गॅलरीतून पडलेलं. तडकलेल्या कवचावर नळाची गळती बंद करायचं इपॉक्सी थापलेलं, तेही आठ दिवसांपूर्वी. कुणी सांगितलं म्हटल्यावर त्यानं मोबाइल पुढे केला. मेसेज असा: ‘साप-कासवं थंड रक्ताची, त्यांना वेदना नसतात. कवच म्हणजे नख, इपॉक्सीनं चिकटवा. टाके घालायचे तर अर्धा तास बर्फात ठेवा, भूल लागत नाही. जखम आपोआप भरते.’ आमच्या घरच्या ग्रुपवर तो ताईनंच टाकला होता. घरात जनावरांचा डॉक्टर असताना!

आधी बर्फाचं, कारण तो निव्वळ छळ आहे. गारठलेलं कासव हलत नाही, हे खरं. थंडीनं त्याचं अंग आखडतं, पाय ओढून घ्यायची ताकद राहत नाही. पण हलता येत नाही म्हणजे दुखत नाही, हे कुठलं शास्त्र? 2007 साली अमेरिकेत नेमक्या याच जातीच्या कासवांवर अभ्यास झाला. मागच्या पायाला चटका लागला की कासव पाय मागे घेई. मॉर्फिन दिल्यावर तेच बऱ्याच उशिरा घेऊ लागलं. वेदना नसतीच, तर वेदनाशामकानं फरक कशात पडला? त्याच औषधानं श्वासही मंदावला, म्हणून घरी सुई टोचायचाही विचार नको. आम्ही भूल देतो तेव्हा घशातून नळी घालून श्वास हातानं द्यावा लागतो, आणि कासव ऊबेत ठेवावं लागतं. औषध पचणं, जखम भरणं, सगळं ऊबेवर चालतं. बर्फ म्हणजे नेमकं उलटं.

कवच नखासारखं? वरचा पातळ थर तसा आहे, तेवढं मान्य. त्याखाली जिवंत हाड आहे, बरगड्या आणि मणक्याशी एकजीव झालेलं, आणि पाठीच्या कवचाला आतून लागूनच फुप्फुसं. आमच्या कासवाचं इपॉक्सी उचकटलं तर खाली खव्यासारखा घट्ट, पिवळट पू. यांचा पू वाहून जात नाही, गोळा होऊन बसतो. भूल देऊन खरवडून काढला, चमचाभर निघाला. डॉक्टरही कधी इपॉक्सी वापरतात, पण जखम स्वच्छ झाल्यावर आणि फटीत उतरू न देता.

जखम भरते, पण महिने लागतात. सापाचे टाके आम्ही सहा-सहा आठवडे ठेवतो. त्याच्या कातडीच्या कडा आत वळतात, म्हणून त्या बाहेर उलटवून शिवाव्या लागतात. कापडासारखी शिवण घातली तर जखम मिटतच नाही.

कवच फुटलं तर सलाइनमध्ये भिजवलेली पट्टी ठेवा, कासव कोरड्या खोक्यात घाला, पाण्यात अजिबात सोडू नका, फटीतून पाणी आत जातं. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. रानातला साप किंवा नदीतलं कासव जखमी दिसलं तर वनविभागाला 1926 वर फोन करा.