ब्रिजवर मन रमवण्याचे उपाय

परवा जहाज कंपनीच्या ऑफिसचं परिपत्रक आलं: वॉचवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या पाळीत, मोबाइल वापरण्यास सक्त मनाई. लगेच खालची ओळ: मनाईचं पोस्टर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, लावल्याचा फोटो तासाभरात व्हॉट्सॲपवर पाठवावा. जहाज तेव्हा बंदरात वाट दाखवणारा पायलट घ्यायला वळत होतं. तर याच धोरणाला जागून वॉचवरच्या ऑफिसरांसाठी या सहा सूचना.

रात्री फोनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका रीलमध्ये ती मेहनत वाया घालवता येते. मग समोरच्या काचेत तुमचाच चेहरा दिसतो आणि रत्नागिरीसमोरची मिणमिणत्या दिव्याची होडी दिसत नाही. बरंच झालं, दिसली असती तर कोर्स बदलावा लागला असता.

लुकआउटला, म्हणजे बाहेर नजर ठेवणाऱ्या खलाशाला, चहा करायला पाठवा, मग जहाजभर राउंडला. एकट्याने वॉच करायची मुभा फक्त दिवसा असते, तीही अटींवर, पण रात्री बघायला कोण येतंय?

एक्डिसचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाचा, अलार्म वाचू नका, नुसतं बटण दाबा. सेफ्टी कंटूर, म्हणजे जहाजाला सुरक्षित खोलीची रेषा, चुकीचा भरलाय म्हणून तो उठसूट कोकलतो. तो नीट भरायचा म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय (ड्राफ्ट), वेगामुळे आणखी किती खाली बसतं (स्क्वॉट), भरती असं सगळं बघणं आलं.

वॉचवर झोप लागू नये म्हणून बीएनवॉज नावाचं एक पीडादायक यंत्र असतं. ठरलेल्या वेळात, म्हणजे 3 ते 12 मिनिटांत, बटण दाबलं नाही की आधी दिवा लुकलुकतो, 15 सेकंदांनी ब्रिजवर भोंगा होतो आणि आणखी 15 सेकंदांनी कॅप्टनच्या नाहीतर बॅकअप ऑफिसरच्या केबिनमध्ये. ते बंदच करून ठेवा. 12 मिनिटांत 15 नॉटचं, म्हणजे तासाला 15 सागरी मैल जाणारं, जहाज तीन सागरी मैल जातं, पण किती शांततेत!

मोबाइलच्या सिग्नलसाठी किनाऱ्याजवळून जा. 'वाकाशिओ' या मालवाहू जहाजाने 2020च्या जुलैत मॉरिशसजवळ तेच केलं. आधी ठरलेलं 22 मैलांचं अंतर 5 वर आणलं, मग 2 मैलांवर जायला निघाले, तेही पुरेशा मोठ्या स्केलचा चार्ट न वापरता. जहाज प्रवाळावर बसलं, सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. आता सॅटेलाइट इंटरनेट आहे, तेवढेही कष्ट नकोत.

आणि कागदपत्रं वॉचवरच उरका. आठ ते बाराच्या वॉचला थर्ड मेटने, म्हणजे धाकट्या ऑफिसरने, लाइफबोटीच्या चेकलिस्टा भराव्यात, पोर्ट पेपर टाइप करावेत, विश्रांतीच्या तासांचा तक्ता भरावा: 24 तासांत किमान 10, आठवड्यात 77, कागदावर सगळे गाढ झोपलेले. तेवढ्यात ऑफिसचा फोन, नून रिपोर्टमधला (रोजच्या दुपारच्या अहवालातला) इंधनाचा आकडा कालच्याशी जुळत नाही! समोरून 15 नॉटने दुसरं जहाज येतंय, दोघांतलं अंतर मिनिटाला अर्धा मैल कमी होतंय, त्याची दिशा (बेअरिंग) हलत नाही, म्हणजे टक्करीचा धोका, आणि पोरगं पाठ फिरवून "येस सर, चेक करतो सर" म्हणतंय. उचलला नाही तर उद्या मेल, कॅप्टनला कॉपी, कारण लेखी द्या. आणि उचलून काही झालंच, तर हेच साहेब चौकशीत विचारणार, ऑफिसर फोनवर का होता?

पुरे झालं. साहेब, पायलट स्टेशन, अरुंद खाडी, मच्छीमारांची गर्दी, यात जहाज असताना फोन करू नका. आकडा दोन तासांनी कळला तर कंपनी बुडत नाही. ऑफिसचे मेल ब्रिजच्या कॉम्प्युटरवर नको, खाली शिपच्या ऑफिसात येऊ द्या. कॅप्टन, तुम्हीसुद्धा ऑफिसला घाबरून त्या पोराला फोन उचलायला लावू नका. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे तुमच्या कायमच्या लेखी हुकमांत, तसं लिहा, सही करा आणि पाळा.

आणि थर्ड मेट, फोन केबिनमध्ये ठेवून वर ये. रडारवर सगळं दिसतं असं समजू नकोस. लाकडी होडीचा ठिपका (एको) लाटांच्या ठिपक्यांच्या गर्दीत (क्लटर) हरवतो आणि ती गर्दी पुसायचं सी-क्लटरचं बटण जास्त फिरवलंस तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. दुर्बीण घे, ब्रिजच्या बाजूच्या विंगवर जा, बाहेर बघ. एवढं जमत नसेल तर वॉच दुसऱ्याला दे.