संकष्टीची प्रमाणवेळ

काळ निसर्गानं घडवला की माणसानं ठरवला, हा प्रश्न भरल्या पोटी घेऊ नये. भरल्या पोटी तो तत्त्वज्ञानाचा वाटतो. सकाळच्या वाटीभर साबुदाण्याच्या खिचडीवर तग धरून, ताम्हन-पळी घेऊन रात्री बाल्कनीत उभं राहिलं की तो निव्वळ व्यवहाराचा होतो. दिनदर्शिका म्हणते, चंद्रोदय 9.29. घड्याळात 9.29 झालेले असतात. चंद्र नसतो. आता यांत खोटं कोण?

कुणीच नाही. सगळे आपापल्या जागी खरे असतात, आणि म्हणूनच आपलं जेवण लांबतं.

आधी त्या 9.29 कडे बघू. ही वेळ मुंबईची नाही. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात आणि मुंबई त्या रेषेच्या पावणेदहा अंशांच्या आसपास पश्चिमेला आहे. मुंबईचं स्वतःचं घड्याळ असतं तर ते 39 मिनिटं मागे चाललं असतं. तसं ते चालतही होतं. 1906 पासून देशाला प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईनं आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो 1955 पर्यंत टिकला. त्या हिशेबानं हाच चंद्र 8.50 ला उगवतो. त्यात 1942 ते 1945 या युद्धकाळात सरकारनं प्रमाणवेळच तासभर पुढे ढकलली होती, तिच्या हिशेबानं 10.29 ला. चंद्र एक, गच्ची एक, वेळा तीन. उपाशी माणसाला यातली कोणती पसंत पडेल हे सांगायला नको, पण 8.50 चं घड्याळ लावून चंद्र काही लवकर येत नाही.

वेळ हा माणसांचा आपसातला करार आहे, असं म्हणून इथे हात झटकता येतात. पण करार सगळ्या देशाचा एक असूनही नागपूरकर मुंबईकराच्या साधारण 25 मिनिटं आधी पानावर बसतो. पुणेकर चार मिनिटं आधी बसतो आणि हे चार वेळा सांगतो.

तिथीचीही तीच गंमत. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. त्याला 19 तासही लागतात आणि 26 सुद्धा. ते सगळं आकाशात घडतं, तिथे कुणाचं घड्याळ नाही. पण 12 च अंश का, हे मात्र माणसाचं ठरलेलं. चंद्रोदयाला वद्य चतुर्थी असेल त्या दिवशी संकष्टी, हा नियमही माणसाचाच. आणि ती मंगळवारी आली की अंगारकी! मंगळवार तर आकाशात शोधूनही सापडायचा नाही. सात वारांचं चक्र पूर्णपणे माणसांनी फिरवलेलं. तरी देवळासमोरची रांग त्याच्यावरच ठरते.

आता मुख्य दुखणं. छापलेला चंद्रोदय म्हणजे चंद्राची वरची कड क्षितिजाला लागण्याचा क्षण. हे क्षितिज सपाट, मोकळं, समुद्रासारखं धरलेलं असतं. असं क्षितिज पूर्वेला कुणाच्या वाट्याला आलंय? मुंबईच्या अक्षांशावर उगवता चंद्र तासाला साधारण साडेतेरा अंश वर चढतो. समोर 30 मीटरवर सात मजली, 21 मीटर उंच इमारत असेल तर तळमजल्यावरून तिची गच्ची 35 अंशांवर दिसते. म्हणजे 9.29 चा चंद्र तुमच्यासाठी बारा वाजता उगवणार. हे आधीच मोजून ठेवावं: हात ताठ करून मूठ डोळ्यांसमोर धरली की ती साधारण 10 अंश झाकते. नजरेच्या पातळीपासून समोरच्या गच्चीपर्यंत मुठी मोजा आणि दर मुठीला पाऊण तास धरा. दोन मुठींच्या वर गेलात तर सरळ आपल्या गच्चीची किल्ली मागून ठेवा, आणि ती संध्याकाळीच मागा, कारण चंद्र उगवतो त्या वेळी सोसायटीचा वॉचमन जेवायला गेलेला असतो.

'मागच्या वेळी तर पाण्याच्या टाकीशेजारी दिसला होता' हा पुरावा धरू नये. चंद्र उगवण्याची जागा शुद्ध पूर्वेपासून डावी-उजवीकडे सरकत असते. काही वर्षी जवळजवळ 30 अंशांपर्यंत. टाकी तिथेच राहते.

मोबाइलमधल्या पंचांगाचं स्थळही तपासावं. त्यात गुपचूप दिल्ली असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात ते अर्ध्या तासाहून जास्त आधी चंद्र उगवून मोकळं होतं. मे-जूनमध्ये मात्र दोन्हीकडच्या वेळा जवळपास जुळतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि हिवाळ्यात घरात भांडण होतं.

लंडनच्या मराठी माणसाचे हाल वेगळेच. मे-जूनमधल्या संकष्टीचा चंद्र तिथे मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, आणि त्यातला एक तास तर सरकारनं मार्चअखेरीस घड्याळ पुढे केल्यामुळे आलेला असतो. ऑफिस नव्या घड्याळानं सुरू होतं, चंद्र जुन्यानंच येतो. मधला तास उपाशी. बारा वाजून गेले तर भिंतीवरची तारीख बदलते, पण पंचांगाचा दिवस सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून संकष्टी शाबूत. सप्टेंबरात तोच चंद्र सूर्यास्तानंतर तासाभरात हजर असतो. मग वर्षभराची भरपाई झाल्यासारखं सगळे वेळेवर जेवतात.

आषाढ-श्रावणात प्रश्नच मिटतो. ढगांमुळे चंद्र दिसायचा नाही, म्हणून छापील वेळेला पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचं. ज्या कराराला आठ महिने नावं ठेवली तोच इथे सर्वात प्रामाणिक ठरतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय न जेवणाऱ्या मंडळींचं श्रावणात काय होतं, हे मी त्यांना विचारत नाही.

मोदकांना मात्र यातलं कुठलंच घड्याळ चालत नाही. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. उकड गरम असतानाच मळायची, गार झाली की कळ्या फाटतात. वाफ 10 ते 12 मिनिटं, जास्त झाली तर पारी चिकट होते. म्हणून मोदकपात्र छापील वेळेला चढवू नये. चंद्राची कड समोरच्या गच्चीवर दिसली की चढवावं. अर्घ्य, आरती, नैवेद्याची पानं यांत 12 मिनिटं आरामात जातात, आणि आरतीत कुणी एक कडवं वाढवलं तर गॅस बंद करायला स्वयंपाकघरात एक माणूस ठेवावा.