नागपूरच्या हवामान आराखड्याचा हिशेब: पथदिवे आणि छतावरचा पांढरा रंग

हवामान कृती आराखड्याच्या शेवटी एक तक्ता असतो: उपाय, खर्च, बचत, किती टन कार्बन कमी. तळाची बेरीज पाहण्याआधी बचत कुणाच्या खिशात जाते ते बघा. निम्मे घोळ तिथेच सापडतात.

पथदिवे घ्या. 150 वॅटचा सोडियम दिवा चोकसकट 170 च्या घरात वीज खातो. त्या जागी 70 वॅटचा एलईडी लावला की 100 वॅट वाचतात. रात्री 11 तास, वर्षभर, म्हणजे दिव्यामागे 400 युनिट. युनिटला 7 रुपये धरले तर 2,800 रुपये. बसवण्यासकट दिवा 6,000 ला पडला असं मानलं, तर दोन वर्षं नि थोड्या वर पैसे वसूल. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो, म्हणजे वर्षाला 280 किलो कार्बन डायऑक्साइड कमी.

कागदावर झकास. पण जुन्या दिव्यांपैकी जे बंदच होते, ते वीज खातच नव्हते. तिथे नवा दिवा लागला की वापर वाढतो. म्हणून आधार मीटरचा घ्यायचा, खांबांच्या मोजणीचा नाही. दुसरं, एकूण बिल भागिले युनिट असा दर काढतात, त्यात स्थिर आकारही येतो. तो युनिट वाचले म्हणून कमी होत नाही; वीज आकार आणि वहन आकार एवढेच धरा. तिसरं, व्होल्टेजच्या चढउतारात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जळून जातो. पाचव्या-सहाव्या वर्षाला त्याचा खर्च मांडलाच पाहिजे. आणि दहाव्या वर्षीचे 2,800 रुपये 8 टक्के दराने आजचे जेमतेम 1,300.

आता छताला पांढरा रंग. इथे बाहेरच्या शहरांचं गणित डोळे मिटून उचललं जातं, कारण त्यात घरोघरी एसी गृहीत असतो. आपल्याकडे कूलर! 180 वॅटचा कूलर रोज 10 तास, 100 दिवस चालला तर 180 युनिट. रंगामुळे पाचवा हिस्सा वाचला तरी 36 युनिट, अडीचशे रुपये. 500 चौरस फुटांना 25 रुपयांप्रमाणे खर्च साडेबारा हजार, आणि रंगाचं आयुष्य पाचेक वर्षं. शेवाळ घासणं, भेगा भरणं, प्रायमर हे अंदाजपत्रकात बहुधा नसतंच. मार्चमध्ये धूळ धुतली नाही तर परावर्तनही घटतं. चुना स्वस्त, पण पावसाळ्यात वाहून जातो.

विजेच्या बचतीवर हा उपाय नागपुरात कधीच फिटणार नाही. तरी तो करावाच, असं माझं ठाम मत आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टिनाखालची खोली दोन-तीन अंशांनी उतरली तर म्हातारं माणूस दवाखान्यात जाण्यापासून वाचतं. रंगाचा खर्च उष्माघाताच्या खात्यात टाका आणि कार्बनच्या रकान्यात शून्याजवळचा आकडा लिहा. लाज कसली त्यात?

ई-बसचं थोडक्यात. कंत्राट प्रति किलोमीटर दराचं असेल तर बसची किंमत आणि बॅटरी त्या दरातच आलेली असते. तक्त्यात खरेदी पुन्हा दाखवली की तोच खर्च दोनदा धरला जातो.

भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्यामुळे पेंच धरणाचं तेवढं पाणी वाचतं. फायदा खरा आहे, पण पाण्याचा. ते पाणी शुद्ध करून पंपाने तिथवर न्यायला लागणारी वीज वजा बाजूला लिहायची, आणि पाण्याचे पैसे महापालिका नि वीज कंपनी अशा दोन्ही खात्यांत एकदमच जमा दाखवायचे नाहीत.