14 इंची तयारी

मी अकोल्याचा. उन्हाबद्दल मला कुणी शिकवू नये, हा माझा जुना बाणा. ॲरिझोनात राहायला आलो तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हटलं होतं, "43 डिग्री म्हणजे काय, आमच्याकडे एवढ्यात वराती निघतात." बायको पुण्याची. तिने हे वाक्य जपून ठेवलं आणि पुढे दोन उन्हाळे रोज रात्री मला परत केलं.

आमचं घर चाकांवरचं. फिफ्थ व्हील. हे नाव ऐकून बाबांना वाटलं, पोरगा स्टेपनीत राहतो. या ट्रेलरची मान पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या कपलिंगवर टेकते आणि त्या मानेत, तीन पायऱ्या वर, आमची बेडरूम. नोकरी घरून होती तेव्हा घेतलं, म्हटलं गावोगाव फिरू. मग ऑफिसने परत बोलावलं आणि चाकं फीनिक्सजवळच्या मेसात रुतली ती रुतलीच. रुतली तीही 2023 च्या उन्हाळ्यात. फीनिक्सचा पारा सलग 31 दिवस 110 फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 43ला, शिवत होता.

छपरावर एसी एकच, 15,000 बीटीयूचा. आपल्या भाषेत सव्वा टन. तो बैठकीच्या खोलीवर. गार हवा खाली बसते आणि आम्ही झोपतो वर. सोफ्यावर शाल, पलंगावर पंचा.

"दुसरा कायले पाहिजे रे? वाळ्याचे ताटे लाव, पानी मार," बाबा फोनवर म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. इथेही कूलर असतात, त्यांना स्वॉम्प कूलर म्हणतात, आणि मे-जूनच्या कोरड्या हवेत ते झकास चालतात. पण जुलैत दमट वारे आले की मृगानंतरच्या अकोल्यातल्या कूलरसारखे नुसते ओले फुरफुरतात.

तर दुसरा एसी. ट्रेलर विकणारा म्हणाला होता, "बेडरूममध्ये दुसऱ्या एसीची तयारी आहे." ही तयारी मुलीकडच्यांच्या तयारीसारखी निघाली. छताचा पंखा काढला तर 14 बाय 14 इंचांचं भोक होतं. एवढीच तयारी. जी वायर तिथे गुंडाळून ठेवलेली असायला हवी होती, तिचा मागमूस नाही. मी भोकातून आकाशाकडे पाहत राहिलो.

शिवाय आमचं कनेक्शन 30 अँपिअरचं. 120 व्होल्टवर 3,600 वॉट. एक एसी चालताना बारा-तेरा अँपिअर खातो. दोन लावले की उरलेल्या चिल्लरीत बॅटरीचा चार्जर कसाबसा बसतो, मायक्रोवेव्ह लावला की अंधार. 50 अँपिअरचं कनेक्शन घ्यावं, तर ते 30 पेक्षा थोडंसंच जास्त असेल असं मला वाटत होतं. पण त्यात 120 व्होल्टच्या, 50 अँपिअरच्या दोन लाइन येतात, एकूण 12,000 वॉट. म्हणजे तिपटीहून जास्त, आणि इलेक्ट्रिशियनचा आकडाही त्याच हिशेबात.

तोडगा शेजारच्या आजोबांनी काढला. ट्रेलर पार्कमध्ये प्रत्येक ट्रेलरच्या जागेपाशी विजेचा कमरेएवढा खांब असतो, त्यावर 20 अँपिअरचं वेगळं सॉकेट मोकळंच होतं. त्यावरून फक्त नव्या एसीसाठी स्वतंत्र लाइन. इलेक्ट्रिशियनने ती अर्ध्या दिवसात ओढून दिली. बाकीचं आपण करू, असं आजोबा म्हणाले. हे 'आपण' ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

पहाटे पाचला छपरावर चढलो, कारण नऊनंतर तिथल्या पांढऱ्या रबरी आच्छादनावर गुडघा टेकला तर भाकरीसारखा पदर सुटतो. आधीच्या मालकाने पंख्याभोवती सिलिकॉन थापलं होतं. या रबरावर सिलिकॉन धड चिकटत नाही आणि त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने ते खरवडता खरवडता मी त्या अनोळखी माणसाच्या तीन पिढ्यांपर्यंत पोचलो. मग स्क्रूची भोकं बुजवायला सीलंट. हे मात्र गुणी, धिरड्याच्या पिठासारखं आपलं आपण पसरून सपाट होतं.

एसी 13,500 बीटीयूचा, वजन चाळीस किलोच्या वर. शिडी तिरपी टेकवून, दोर बांधून, तिच्यावरून घसरवत वर ओढायचा. आजोबा खालून सूचना देणार, मी ओढणार. तो वर पोचला तेव्हा माझ्या पाठीत एक आवाज झाला, त्याची गॅरंटी डब्यात नव्हती.

खरी परीक्षा भोकावर बसवताना. मी आत पलंगावर उभा, हातात पाना, बायको छपरावर.

"थोडा डावीकडे."

"माझ्या की तुझ्या?"

"एसीच्या!"

भोकात तिचं तोंड दिसलं. "एसीला डावं कुठलं रे?"

शेवटी 'खांबाकडे' आणि 'आजोबांकडे' अशा दिशा ठरल्या. आजोबा जागा बदलत होते, हे आम्हाला नंतर कळलं. चार बोल्ट आळीपाळीने, तिरक्या जोडीने आवळायचे, एसीखालचं फोमचं गॅस्केट निम्मं दबेपर्यंत. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तरी गळतं.

त्या रात्री बेडरूम थंडगार. आणि त्याच आठवड्यात आधी धुळीचं वादळ आलं, मग पाऊस. आयुष्यभर पावसाची वाट पाहिलेला वऱ्हाडी माणूस मी, टॉर्च छताकडे रोखून पडलो होतो. बायकोने आमच्या दोघांच्या मधोमध पोह्यांचं पातेलं ठेवलं होतं.

तीनच्या सुमाराला आवाज आला. टप्. पातेलं कोरडं. पुन्हा टप्. बनियनवर बाहेर गेलो. पाऊस कधीच थांबला होता. नव्या एसीचं पाणी छपरावरून ओघळत येऊन नेमकं माझ्या चपलेत पडत होतं.

"गळतंय का?" आतून आवाज.

"हो. पण बाहेर."

"मग ते पातेलं उचल, मला कूस बदलायचीय."