"सुई लावली की पसरतो" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

परवा परत नातेवाईकांच्या ग्रुपवर तोच मेसेज आला. डोक्यात गाठ निघाली तर बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) करू देऊ नका, सुई लागली की कॅन्सर पसरतो, एमआरआयमध्ये सगळं कळतंच, आणि तसंही ब्रेन ट्युमर म्हणजे सहा महिने, कशाला पेशंटचे हाल. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय म्हणून एकेक घेते.

सुईचं आधी. मेंदूत सुरू झालेल्या गाठी मेंदू-मणक्याच्या बाहेर फार क्वचित जातात, सुईच्या वाटेने पसरणं तर अगदीच विरळा. खरा धोका रक्तस्रावाचा, तो थोडा असतो पण असतो, सही करण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा.

एमआरआयमध्ये सगळं कळतं? नाही कळत. आपल्याकडे टीबीची गाठसुद्धा ट्युमरसारखी दिसते. माझ्या काकांना उजव्या हाताने शर्टाचं बटण लागेना म्हणून एमआरआय काढला, गाठ दिसली, सूज उतरायला लगेच डेक्सा हे स्टिरॉइड चालू झालं. आठवड्यात काका स्वतः बटणं लावायला लागले, भाकरी एक जास्त मागायला लागले, परत एमआरआय काढला तर गाठ जवळजवळ दिसेचना, काकूने शेजारी पेढे वाटले. तीन महिन्यांनी हात परत गेला आणि बोलणंही अडखळायला लागलं. तेव्हा बायोप्सी केली, तर मेंदूतला लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) निघाला. या लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने मरतात पण सगळ्या नाही, गाठ नुसती लपते, आणि त्या दिवसांत बायोप्सी केली तरी रिपोर्टमध्ये काही सापडेलच असं नाही. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल आणि सूज जिवावर बेतलेली नसेल तर आधी बायोप्सी, मग स्टिरॉइड. (चालू असलेलं डेक्सा मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं आहे.) यात मुख्य इलाज हाय डोस मेथोट्रेक्झेट, ऑपरेशन करून गाठ काढणं नाही, आणि नाव कळल्याशिवाय ही केमो कोण देणार?

आता सहा महिने. कुठल्या ट्युमरचे? ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ही मेंदूतलीच एक गाठ घ्या, त्यात आयडीएच (एक जनुक) आणि 1पी/19क्यू (गुणसूत्रांचे दोन तुकडे) या टेस्ट केल्याशिवाय आता निदान पूर्ण धरत नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचे निकाल 2013 मध्ये आले, त्यात गाठीतले 1पी/19क्यू हे दोन्ही तुकडे गेलेल्या ग्रेड 3 च्या (वेगाने वाढणाऱ्या) ज्या पेशंटना रेडिएशनसोबत पीसीव्ही ही तीन औषधांची केमो मिळाली त्यातले निम्मे 14 वर्षांपेक्षा जास्त जगले. नुसत्या रेडिएशनवाल्यांचा तोच आकडा साधारण 7 वर्षं. पॅपिलरी क्रॅनिओफॅरिन्जिओमा ही मेंदूच्या तळाशी होणारी गाठ तर किती दुर्मिळ, पण त्यात बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल सापडतो आणि 2023 च्या ट्रायलमध्ये त्यावरच्या गोळ्यांनी 16 पैकी 15 जणांची गाठ खूप लहान झाली. या टेस्ट गाठीच्या तुकड्यावर होतात, फिल्मवर नाही.

ज्यांची बायोप्सी झालीय त्यांनी नुसता रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका, मेणातला ब्लॉक (त्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) आणि स्लाइड्स मागून घ्या. सेकंड ओपिनियनला गेलं की पहिल्यांदा तेच मागतात. आम्ही फाइल घेऊन गेलो होतो, ब्लॉक नव्हता, काकांना गाडीत बसवून ठेवून तो आणायला मी परत गेले.