केस विस्कटून येतो

तुम्हाला अस्सल व्हायचं असेल तर पहाटे सव्वापाचला उठा. बेसावध आणि नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसायला तासभर तरी लागतो, आणि सकाळचं कोवळं ऊन कोणासाठी खोळंबत नाही. तोंड धुवा, पण धुतल्यासारखं दिसू देऊ नका. चहाचा कप कान तुटलेला घ्या; घरात नसेल तर एकाचा कान तोडून ठेवा. गंजीफ्रॉक जुना हवा, त्याला भोक मात्र एकच, तेही खांद्यापाशी. दोन भोकं झाली की लोकांना गरिबी दिसते, आणि गरिबीला लाइक मिळत नाहीत, सल्ले मिळतात.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझा भाचा म्हणाला, "मामा, तू लिहितोस ते कोण वाचत नाही. रील कर. पण एकदम रिअल कर हां, लोकांना आता खोटं चालत नाही." मी म्हटलं, खोटं आपल्याला जमतच नाही, म्हणजे हे सोपं आहे. तिथंच फसलो.

अस्सलपणाला सध्या तेजी आहे. अमेरिकेतल्या मेरिअम-वेब्स्टर या शब्दकोशानं २०२३ सालचा शब्द म्हणून ‘ऑथेंटिक’ निवडला, कारण त्या वर्षी लोकांनी तो फार शोधला. आमच्याकडे घरातलं मीठ संपल्यावरच माणूस वाटी घेऊन शेजारी जातो. तुम्हीही जा, शब्दकोश उघडा, अर्थ पाठ करा आणि मग कामाला लागा.

गोव्यात राहून अस्सल व्हायचं तर पोदेराशिवाय, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याशिवाय, गत्यंतर नाही. सायकल, मागं बांबूची टोपली, टोपलीवर निळं प्लॅस्टिक आणि भोंग्याचं पों-पों. पहिल्या दिवशी मी त्याला फाटकापाशी गाठलं, आणि वळणापर्यंत मागं जाऊन पुन्हा ये म्हणून विनवलं. तो गेला, आला. नेमकी शेजाऱ्याची स्कूटर मधे आली. पुन्हा पाठवला. तिसऱ्या खेपेला ऊन अगदी हवं तसं पडलं, पण पठ्ठ्यानं कॅमेऱ्यात बघून छान हसून दाखवलं. मी वैतागून विचारलं, "अरे, तू काय रोज असा हसतोस?" तो म्हणाला, "हांसतां मरे!" आणि आता आठवतं, तो खरंच हसतो. रोज पैसे देताना मी सुट्ट्या नाण्यांकडे बघत असतो, एवढंच. चौथ्या खेपेला मी त्याला हसायचं नाही अशी ताकीद दिली. तो गंभीर चेहऱ्यानं आला आणि ते फार नैसर्गिक दिसलं. तोवर वरच्या वाड्यावर चार घरांतला चहा पावाची वाट बघत निवला होता. हे मला नंतर कळलं, आणि सविस्तर कळलं.

या चित्राखाली ‘शतकांची परंपरा’ असं लिहा. पाव पोर्तुगीजांच्या काळात आला, तेव्हा तेवढं खरंच आहे. आमचा पोदेर मूळचा कलबुर्गीकडचा, हे मात्र लिहू नका. गोव्यातल्या कितीतरी भट्ट्या आता बाहेरून आलेली माणसं चालवतात. त्याचे उंडे, म्हणजे गोल पाव, उत्तम असतात आणि त्याची कोंकणी माझ्या भाच्याहून बरी आहे. पण अस्सलपणाच्या चौकटीत कर्नाटक मावत नाही.

मासळीचंही तसंच. जून-जुलैत ‘आत्ताच समुद्रातून’ असं म्हणत इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, तुकडा तव्यावर टाका. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत मोठी मासळी बर्फाच्या पेटीतून येते, हे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कोण सांगणार आहे? फक्त तुकडा ओला दिसेल तेव्हाच शूट करा. बर्फ वितळतानाचा ओलेपणा आणि समुद्राचा ओलेपणा कॅमेऱ्याला वेगळे कळत नाहीत.

पोदेरानंतर घरातली म्हातारी माणसं. ती नसतील तर कोणाची तरी उसनी आणा. आमच्याकडे मावशी आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. योजना साधी होती. मावशीनं रगड्यावर नारळ वाटायचा, मी बाजूला बसून ‘आपण काय गमावलं’ या विषयावर दोन वाक्यं बोलायची. रगडा गेली वीस वर्षं विहिरीपाशी पडलाय आणि त्यावर ब्रह्मकमळाची कुंडी ठेवलीय. ती हलवली, रगडा घासला, तीन गोगलगाई सन्मानानं बाहेर काढल्या. एवढं झाल्यावर मावशी आली ती रेशमी साडी नेसून, हातभर बांगड्या घालून, अंबाड्यावर आबोलीची फाती माळून.

मी म्हटलं, "मावशे, हे काय? घरातलं जुनं लुगडं नेस, रोजचं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला दारोदार भीक मागायला पाठवतोय. "फोटो काढपाक जुनें कापड? लोक म्हणतले, हिका कोण पळयना!" म्हणजे हिच्याकडे घरात कोणी बघत नाही, असं लोक म्हणतील.

मावशीच्या पेटीत तिच्या लग्नानंतरचा एक फोटो आहे, पणजीच्या स्टुडिओत काढलेला. मागं रंगवलेला राजवाड्याचा जिना, पुढं काका कोटात, मावशी खुर्चीत, दोघांच्या तोंडावर फोटोग्राफरनं श्वास रोखायला लावल्याची कळा. आमच्या कुठल्याच घरात जिना नव्हता आणि काकांचा तो कोट स्टुडिओचाच होता. तो फोटो ओटीवर टांगलेला असताना शेकड्यांनी माणसं येऊन गेली असतील, पण ‘जिना कुठं आहे हो तुमचा?’ असं कोणी विचारलं नाही. फोटो म्हणजे नटून बसायचं, हे काढणाऱ्याला, बसणाऱ्याला आणि बघणाऱ्याला ठाऊक होतं. तुम्ही अशा मागासलेल्या वातावरणात वाढला असाल तर ते विसरायला थोडा सराव करावा लागेल. आपल्याला नटायचं आहेच, फक्त न नटल्यासारखं.

शेवटी मावशीनं रेशमी साडीतच दोन फेरे रगडा फिरवला आणि उठली. खोबरं मिक्सरला लावलं. तो भाग कापला.

आता ताणाबद्दल, कारण नुसतं सुख दाखवलं तर लोकांना संशय येतो. आठवड्यातून एकदा तरी तुम्ही कोलमडलं पाहिजे. रडू यायला लागलं की आधी फोन भिंतीला टेकवा, पुढची लेन्स पुसा, उजेड डाव्या गालावर येतो का बघा, आणि मग रडा. ‘कॉर्टिसॉल’ हा शब्द एकदा तरी उच्चारा. हे संप्रेरक पहाटे वाढतं, आपल्याला अंथरुणातून उठवायला तेच मदत करतं, हा तपशील सांगू नका. कॉर्टिसॉल म्हणजे खलनायक, एवढं पुरे. हान्स सेल्ये या संशोधकानं १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांवरून शरीर ताणाला कसं तोंड देतं ते मांडलं. त्या उंदरांचं बरं होतं, त्यांना निदान शेवटी ‘तुमच्याही मनात असं होतं का? कमेंटमध्ये सांगा’ असं म्हणायचं नव्हतं.

माझ्या हातून इथं एक मोठी चूक झाली, ती तुम्ही करू नका. बायकोच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला मी म्हापशाला निघालो होतो. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू, बस अडकली ती चाळीस मिनिटं हलेना. घाम, पोटात गोळा, तळहात गार, सगळा ऐवज जागच्या जागी हजर होता. आणि मला फोन बाहेर काढायचं सुचलंच नाही. शेजारच्या बाईनं मला एकदा निरखून बघितलं, पिशवीतून दोन केळी काढली आणि एक माझ्या हातात ठेवलं. काही विचारलं नाही. आम्ही दोघांनी केळी खाल्ली, साली तिनंच आपल्या पिशवीत घेतल्या. रिपोर्ट ठीक निघाला. पण एवढं सगळं झालं आणि व्हिडिओ नाही, उजेड नाही, मजकूर नाही. भाच्याला सांगितलं तर तो हळहळला, "मामा, कंटेंट वाया घालवलंस."

ज्यांना असं अचानक काही सुचत नाही त्यांच्यासाठी बीरिअल नावाचं फ्रेंच ॲप निघालं होतं. दिवसात कधीही घंटी वाजणार आणि दोन मिनिटांत, असाल तसा फोटो टाकायचा. उशिरा टाकायचीही सोय होती, मग लोक घंटी ऐकून आधी बरी जागा शोधू लागले. २०२४ मध्ये ते ॲप ५० कोटी युरोंना विकलं गेलं. प्रामाणिकपणाला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

राहता राहिलं सुशेगाद. हा शब्द प्रत्येक रीलमध्ये यायलाच हवा. पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून तो आला, अर्थ शांत, निवांत. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात केळी-मिरच्या घेऊन बसणाऱ्या बायका तिथं पोचायला कधी उठतात, हे त्यात बसत नाही; दुपारी एक ते चार बंद असलेलं दुकान मात्र बसतं. निवांतपणा शोधायला पणजीच्या फोंतेन्हासमध्ये जा. तिथं रंगीत भिंतींवर ‘खासगी घर आहे, फोटो काढू नका’ अशा पाट्या आहेत. त्या पाटीला टेकून फोटो फार सुंदर येतो. माडांच्या रस्त्यासाठी पर्र्याला जा. सिनेमात तो रस्ता दिसल्यापासून तिथं इतकी माणसं निवांत व्हायला आली की २०१९ साली पंचायतीला फोटोवर शुल्क लावावंसं वाटलं.

तर माझं रील एकदाचं लागलं. एकशे बारा लाइक, त्यातले नव्वद नातेवाईक. मावशीला दाखवलं. तिनं दोनदा बघितलं आणि विचारलं, "बांगड्यो खंय दिसतात?" पुण्याहून एका अनोळखी गृहस्थाची प्रतिक्रिया आली: ‘हाच खरा गोवा! पण पाववाला फार खिन्न वाटतो. त्याच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पों-पों ऐकून मी बाहेर आलो. पोदेर फाटकापाशी सायकल लावून उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, भांग सरळ. टोपलीवरचं निळं प्लॅस्टिकसुद्धा नवं. म्हणाला, "पात्रांव, आयज शूटिंग ना? हांसूं काय नाका?"

मी त्याला जरा थांबवत म्हटलं, "रावरे मात्सो, केस विस्कटून येतो."