मामांची गाडी आणि दीड मिलिमीटरची गॅप

गेल्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला जाताना मामांची गाडी खंबाटकी घाटात आचके द्यायला लागली. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, मामी रामरक्षा म्हणतेय. कारण काय, तर ‘स्पार्क प्लगची गॅप १.५ मिमी करा, ॲव्हरेज पाचने वाढेल, मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही’ हा फॉरवर्ड वाचून मामांनी तसंच केलं होतं. गॅप म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली (टोकांमधली) फट, तिच्यातच पेट्रोल पेटवणारी ठिणगी पडते. तो फॉरवर्ड मलाही चारदा आला होता, मी सोडून दिला. आता घरातच शिरलाय म्हटल्यावर गप्प कसं बसणार?

म्हणे मोठी गॅप, मोठी ठिणगी, जास्त ॲव्हरेज. अहो, गॅप वाढली की ती ओलांडायला व्होल्टेजही जास्त लागतं. सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. म्हणून गल्लीत गाडी गुण्यागोविंदाने चालते आणि घाटात पाय दाबला की ते व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलचा दम संपतो. ठिणगी पडत नाही, किंवा प्लगकॅपमधून भलतीकडे पळते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणाऱ्या डब्यात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जळून त्यालाच भाजून काढतं. दिवा लुकलुकतो तो त्यासाठी. त्या डब्याची किंमत एकदा दुकानात विचारा, वाचवलेल्या पेट्रोलचा हिशोब तिथेच संपेल.

आणि एक सांगा, प्लग झिजतो तशी गॅप आपोआप वाढतेच. मग झिजून गेलेल्या प्लगांवर गाडीने सगळ्यात जास्त ॲव्हरेज द्यायला हवं, नाही का?

यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिकच्या आधीच्या इग्निशनच्या जमान्यात गॅप ०.६ मिमीच्या आसपास असायची. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, कॉइल जोरकस झाल्या, तशी ती बऱ्याच गाड्यांत १ ते १.१ पर्यंत गेली आणि पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त असलेलं) मिश्रणही नीट पेटू लागलं. पण ती कॉइलच्या ताकदीचा हिशोब करून कंपनीने वाढवली, ग्रुप ॲडमिनने नाही.

बरोबर आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो वाचायचा कंटाळा असेल तर प्लगवरचा नंबर बघा. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी -१० असेल तर १.० मिमी, -११ असेल तर १.१. मामांच्या प्लगवर -१० ठसठशीत छापलंय. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) घातलं, १.४ची पात सहज आरपार! बाहेरचं वाकडं इलेक्ट्रोड हलके ठोकत चारही प्लग १.० वर आणले. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन उचकटायचं नसतं, त्याचं पोर्सेलिन तडकतं.

त्याच फॉरवर्डमधलं ‘सीएनजीलाही हेच चालतं’ हे तर कहर आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे गॅप बहुधा कमीच ठेवतात.

‘गॅप हॅक्सॉ ब्लेडने मोजा’ हा त्यातलाच सल्ला आमच्या आजोबांच्या ॲम्बेसेडरला चालायचा. ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाड आणि त्या गाडीची गॅप २५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.६४ मिमी. तेव्हा जमून जायचं. आज एक मिमीची गॅप त्याने काय कपाळ मोजणार?

इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग पॉलिश पेपरने घासा म्हणे. एनजीकेच्या इरिडियम आयएक्स प्लगचं मधलं टोक जेमतेम ०.६ मिमीचं असतं. घासाल तर नवा प्लग घ्यावा लागेल, बाकी काही नाही. आणि ‘प्लग जीव खाऊन आवळा’ हे तो ज्यात बसतो त्या ॲल्युमिनियमच्या हेडला सांगायचं म्हणजे आटे गेलेच म्हणून समजा.

परतताना घाट सुरळीत गेला. मामा मात्र अजून म्हणतात, ‘पण दोन दिवस ॲव्हरेज वाढलं होतं हं.’ टाकी फुल करून मोजलंत का म्हटलं, तर म्हणाले, ‘नाही रे, काटा जरा हळू उतरत होता.’